आभाळाची गिरदावरी

आपल्या मंडळाच्या फाल्गुनातील बैठकीत आम्ही एक साधा ठराव मांडला होता. दरवर्षी होळीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत, आठवड्यातून दोन सकाळी, मंडळाच्या काही सभासदांनी असीरगडावर बसावे, उत्तरेकडे परतणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी करावी आणि ती एका वहीत लिहून ठेवावी, एवढाच तो ठराव. तो बारगळला. ठराव बारगळल्याचे दुःख आम्हांस नाही. पस्तीस वर्षांच्या शासकीय सेवेत याहून महत्त्वाचे कागद आम्ही धूळ खाताना पाहिले आहेत, काही स्वतःच्या हाताने धुळीत ठेवले आहेत. पण ज्या कारणांनी तो बारगळला, ती कारणे ऐकून गप्प बसणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून हा लेख.

एका सन्माननीय सभासदांचे म्हणणे असे पडले की, साहित्य मंडळाने काव्याची मात्रा मोजावी, घारी मोजू नयेत. यावर सभागृहात बराच वेळ हशा झाला व त्यात आम्हीही सामील झालो. दुसऱ्यांनी सांगितले की हे काम वनखात्याचे आहे. तिसरे बोलले ते आपल्या मंडळातील सर्वांत वयोवृद्ध सदस्य. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे, म्हणूनच त्यांच्या बोलण्याचा प्रतिवाद येथे आधी करतो. ते म्हणाले, "मोजायचे कशाला? आम्हांला ठाऊक आहे. आमच्या लहानपणी राजघाटावर उभे राहिले की आभाळ पक्ष्यांनी भरलेले असे. आता काही उरले नाही."

हे ऐकताच सर्वांनी माना डोलावल्या. आमचीही मान डोलली. नंतर घरी आल्यावर आम्ही स्वतःलाच विचारले, कोणत्या वर्षापासून उरले नाही? कोणते पक्षी उरले नाहीत? गिधाडांचेच उदाहरण घेऊ. गावाबाहेर मेलेली जनावरे टाकीत तेथे गिधाडांची पंगत बसलेली आपल्या पिढीने प्रत्यक्ष पाहिली आहे. ती केव्हा उठली, हे आम्ही चार समवयस्कांना विचारले. एकाने आणीबाणीनंतर म्हणून सांगितले, दुसऱ्याने नव्वद सालानंतर. तिसऱ्याच्या मते ती कधी फारशी नव्हतीच, आणि चौथे गृहस्थ कालच एक दिसल्याचे शपथेवर सांगू लागले. या चौघांच्या साक्षीवर आम्ही तहसिलीत एक वाटणीपत्रही मंजूर केले नसते.

याउलट राजस्थानातील भरतपूरची गोष्ट पाहावी. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांच्यापाशी तेथील गिधाडांचे १९८० च्या दशकातील आकडे होते. नव्वदीच्या दशकात त्यांनी त्याच जागी पुन्हा मोजले आणि १९९९ मध्ये गिधाडे कोसळत असल्याचे साधार लिहिले. पहिली मोजणी नसती तर दुसऱ्या मोजणीला अर्थ आला नसता. पुढे देशभर रस्त्यांवरून केलेल्या मोजण्यांतून निघाले की पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. २००४ मध्ये कारण उमगले. गुरांना दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर. या सर्व साखळीची पहिली कडी कोणती? एका माणसाने काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी उभे राहून पक्षी मोजले होते, ही. आमच्या वृद्ध स्नेह्यांची स्मृती कितीही हृद्य असली तरी तिच्या आधारे औषधाच्या एका बाटलीवरही बंदी आली नसती.

आता वसंतच का, आणि हे परतणारे पक्षी कोणते, असे कोणी विचारील. आपल्या नियतकालिकाचा वसंत अंक दरवर्षी पळस, कोकिळ, आम्रमंजरी आणि मोहाचा गंध यांनी दरवळत असतो. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या दिवसांत पळस फुलतो त्याच दिवसांत आपल्या डोक्यावरून एक मोठे प्रस्थान चाललेले असते. हिवाळ्यात आपल्या हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांवरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून, तरंगत जाणारा सडपातळ पक्षी अनेकांनी पाहिला असेल. शेतकरी त्याला घारच म्हणतात. तो भोवत्या. त्याच्या काही जाती कझाकस्तान व सैबेरियाकडील गवताळ प्रदेशांतून येतात आणि फाल्गुन-चैत्रात परत जातात. हवेत एका जागी पंख फडफडवीत थबकणारी खरूची, तळ्यावर मासे धरणारा मत्स्यगरुड, मोठा तपकिरी स्टेप गरुड, आणि नेहमीच्या घारींत बेमालूम मिसळून गेलेल्या उत्तरेकडील काळ्या कानाच्या घारी, हे सारे याच मोसमात निघतात. सकाळी नऊच्या पुढे जमीन तापू लागली की तापलेली हवा खांबासारखी वर चढते. मोठ्या पंखांचे पक्षी त्या खांबावर गोल गोल चढतात, पुरेसे उंच गेले की पंख ताठ करून पुढे घसरत जातात आणि दुसरा खांब गाठतात. पंख न हलविता शेकडो कोस जाण्याची ही युक्ती आहे. म्हणूनच डोंगरकड्यावर, खिंडीपाशी, सकाळी साडेआठ ते दुपारी एक या वेळेत त्यांची मोजणी करणे सोयीचे पडते.

असीरगड हा दख्खनचा दरवाजा, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. सातपुड्याच्या ज्या खिंडीतून उत्तरेची सैन्ये खाली उतरली, ज्या गडाचा ताबा जानेवारी १६०१ मध्ये अकबराने आणि १७६० मध्ये, उदगीरच्या लढाईनंतर, पेशव्यांनी मिळवला, त्याच खिंडीतून आज खंडवा-भुसावळ लोहमार्ग जातो. माणसांना जी वाट सोपी ती पक्ष्यांनाही सोपी असेल काय? असीरगडावरून शिकारी पक्षी मोठ्या संख्येने जातात, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मोजल्यानंतर येतो. कदाचित पाच वर्षे मोजल्यावर असे निघेल की येथून फारसे काही जात नाही. तेही एक ज्ञान आहे, आणि ते आज आपल्यापाशी नाही. मंडळाच्या दप्तरात सत्यनारायणाच्या प्रसादाचा हिशेब रव्याच्या वजनासह आहे. पक्ष्यांची एकही ओळ नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा एक डोंगर आहे. तेथे एके काळी लोक सुट्टीच्या दिवशी बंदुका घेऊन जात आणि जाणारे ससाणे-बाज गंमत म्हणून पाडीत. १९३४ मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला, राखणदार ठेवला, आणि त्या राखणदाराने बंदुकवाल्यांना परतवता परतवता रोज पक्षी मोजून लिहायला सुरुवात केली. त्याला त्या वेळी त्या आकड्यांचे काय होणार हे ठाऊक नव्हते. पंचवीस वर्षांनी राचेल कार्सन यांना 'सायलेंट स्प्रिंग' लिहिताना तेच आकडे उपयोगी पडले. १९३५ ते १९३९ या काळात तेथून गेलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत ४० टक्के पिले होती, १९५५ ते १९५९ या काळात ती २० टक्क्यांवर आली होती. मोठे गरुड दिसत होते, म्हणून कोणाला काही बिघडल्याचे जाणवत नव्हते. पिले होत नव्हती, हे फक्त वहीला कळले होते. ते पुस्तक १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली.

हे दूरचे झाले असे वाटत असेल तर आपल्या कापसाच्या शेतापर्यंत येणारे एक उदाहरण देतो. स्वेन्सन बाज हा अमेरिकेतील एक स्थलांतरी पक्षी. उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत वीण करतो, हिवाळ्यात अर्जेंटिनात जातो आणि तेथे नाकतोड्यांवर पोट भरतो. काही प्रदेशांत त्याचे परतणे घटल्याचे मोजणाऱ्यांच्या ध्यानात आले. तेव्हा काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बांधून शास्त्रज्ञ त्यांच्या मागोमाग अर्जेंटिनात गेले. १९९५-९६ च्या मोसमात त्यांना तेथील शेतांत पाच हजारांहून अधिक मेलेले बाज सापडले. नाकतोडे मारण्यासाठी फवारलेले औषध नाकतोड्यांमार्फत बाजांच्या पोटात गेले होते. त्या औषधाचे नाव मोनोक्रोटोफॉस. निमाडातील कापूस पिकविणाऱ्या कोणत्याही घरात हे नाव निराळे समजावून सांगावे लागणार नाही. २०१३ मध्ये बिहारमधील एका शाळेत मध्यान्ह भोजनातून ज्या विषाने २३ मुले दगावली तेही हेच. आपल्या शेतांवर हिवाळाभर टोळ आणि नाकतोडे टिपणारे भोवत्ये वसंतात किती परततात, हा प्रश्न निव्वळ पक्षिप्रेमींचा नाही, हे यावरून कळावे.

येथे आम्हांस स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. ठराव मांडताना आम्ही ते बोललो नव्हतो.

आम्ही महसुली सेवेत होतो. गिरदावरी म्हणजे काय हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. पटवाऱ्याने प्रत्येक शेतावर प्रत्यक्ष जावे, पीक डोळ्यांनी पाहावे, मग खसऱ्यात नोंद करावी, हा नियम. या नोंदींच्या पायावर आनावारी ठरते आणि आनावारीवर दुष्काळाची मदत. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत, एका तहसिलीत (कोणती ते लिहीत नाही), पाऊस अर्ध्यातच तुटला होता. एका आदिवासी वस्तीकडे जाणारा रस्ता नव्हता. पटवाऱ्याने वस्तीवर न जाता शेजारच्या गावचा आकडा तेथेही घातला आणि कागद आमच्यापुढे ठेवला. आम्हांला ते दिसले. आकड्यांना एक वास असतो, तो अनुभवी नाकाला येतो. आम्ही त्या वेळी नवीन होतो, तरी तो आला. पण संध्याकाळच्या गाडीने कागद जिल्ह्याला पाठवायचा होता. आम्ही सही केली. त्या वस्तीला मदत मिळाली नाही. काही महिन्यांनी तिथला एक म्हातारा दुसऱ्याच कामासाठी कचेरीत आला होता. जाता जाता त्याने अगदी शांतपणे विचारले, साहेबांनी आमचे शेत पाहिले होते का? त्याला काय उत्तर दिले ते आज आठवत नाही. प्रश्न मात्र आठवतो.

म्हणून मोजणीविषयी आम्ही जे बोलतो ते छंदिष्टाच्या उत्साहाने नव्हे. न पाहता लिहिलेला आकडा काय करतो, हे आम्ही केलेले आहे.

याच तापीच्या काठी एका शिकारी पक्ष्याच्या बाबतीतही अशीच खोटी नोंद झाली होती. ती हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसावी. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. ते स्थलांतर करीत नाही, दिवसाही शिकार करते. १८७३ मध्ये ह्यूम याने त्याचे प्रथम वर्णन केले. खानदेशात नोकरी केलेला जेम्स डेव्हिडसन हा इंग्रज सनदी अधिकारी पक्ष्यांचे नमुने जमवीत असे. त्याने १८८० च्या दशकात या पिंगळ्याचे काही नमुने मिळवले. त्यानंतर हा पक्षी जणू नाहीसा झाला. अपवाद एकच, कर्नल माइनर्ट्‌झहागेन या प्रख्यात पक्षिवेत्त्याचा १९१४ सालचा नमुना. त्यावर त्याने तापीकाठचे मांडवी, गुजरात, असे ठिकाण लिहिले होते. पुढे अनेकांनी रानपिंगळा शोधला आणि तो मिळाला नाही. नव्वदीच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी विदुषीने संग्रहालयातील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उघड झाले की कर्नलसाहेबांचा तो नमुना मुळात डेव्हिडसनचा होता. तो चोरून, टाके उसवून पुन्हा शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या नोंदींच्या गावांचा माग धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी! पुढे तो तोरणमाळ व मेळघाटात आढळला, आणि आपल्या खकनारच्या जंगलातही.

खकनार आपल्या घरापासून किती लांब आहे? इतकी वर्षे तो पिंगळा तेथे दिवसाउजेडी फांदीवर बसून होता. डेव्हिडसन हा आमच्याच व्यवसायातला मनुष्य, महसुली कामकाज करता करता त्याने खऱ्या तारखा आणि खरी गावे लिहिली, म्हणून शंभर वर्षांनी कोणाला तरी वाट सापडली. कर्नल त्याच्याहून कितीतरी अधिक नावाजलेला होता.

वनखात्याच्या कामाविषयी आता थोडके. मध्यप्रदेशच्या वनखात्याने गिधाडांची गणना अनेक वर्षे नेटाने चालवली आहे. २०१९ मध्ये राज्यात ८,३९७ गिधाडे मोजली गेली, २०२१ मध्ये ९,४४६, २०२४ मध्ये १०,८४५ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १२,९८१. हे काम कौतुकास्पद आहे व आम्ही ते मनापासून करतो. पण गिधाड कड्यावर आणि झाडावर बसते, ते कडे आणि झाडे बहुतांशी वनखात्याच्या नकाशात येतात. भोवत्या रात्री उघड्या माळावर, गवतात जमिनीवर झोपतो. त्याचे माळरान कोणाच्या नकाशात येते? ते आमच्या नकाशात येते, महसूल खात्याच्या. खसऱ्यात त्याला पडीत किंवा चरनोई म्हणतात. आमच्या सेवाकाळात चरनोईचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. त्यातून भूमिहीनांना पट्टे मिळाले, ते वाईट झाले असे आम्ही कधीही म्हणणार नाही. बाकीच्या माळावर कोठे खाणी आल्या, कोठे केळी आली. केळीने आपल्या जिल्ह्याला पैसा दिला, आमच्या भावकीलाही दिला. परंतु माळ म्हणजे ओसाड जमीन, तिच्यावर काही नसते, ही समजूत आम्हीच हजारो कागदांवर शाईने लिहून पक्की केली. तेथे काही असते की नाही, हे पाहण्याचा रकाना फॉर्मात नव्हता. आता त्या जमिनीवरचे पक्षी मोजण्यासाठी वनखात्याकडे बोट दाखविणे म्हणजे शेजाऱ्याच्या गाईची धार काढायला गावच्या कोतवालाला बोलावण्यासारखे आहे.

शिवाय हे काम सामान्य माणसांनी केल्यावाचून होतच नाही. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. तो जवळजवळ तीस हजार हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा होता. त्यांत डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त मंडळी असे सर्व प्रकारचे लोक आले. ९४२ जातींचा विचार त्यात झाला. दीर्घकाळात काय घडले हे सांगता आले ते फक्त ३३८ जातींविषयी. त्यांपैकी २०४ घटल्या होत्या. राहिलेल्या सहाशे जातींविषयी अहवाल गप्प आहे, कारण पुरेशा जुन्या नोंदीच नाहीत. हिमालयात धर्मशाळेजवळ स्टेप गरुडांचे मोठे स्थलांतर चालते हे आज आपण पुस्तकात वाचतो. यान विलेम देन बेस्टेन नावाच्या निरीक्षकाने २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात तेथे मोजले आणि २००४ मध्ये छापले, म्हणून वाचतो. गरुड त्याआधीही जातच होते. धर्मशाळेत माणसेही होती. मान वर करून पाहणारी आणि पाहिलेले लिहून ठेवणारी माणसे तेवढी थोडी होती.

राहता राहिला साहित्याचा मुद्दा. ज्या भाषेचे आपण मंडळ चालवतो त्या भाषेत या पक्ष्यांना नावे आहेत, आणि ती नावे कोठून आली हे बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याने तरी विसरू नये. बहिरी, बाज, शिक्रा हे शब्द शाही शिकारखान्यातील मीरशिकारांच्या तोंडून आपल्याकडे उतरले. तापीपलीकडच्या आहूखान्याजवळून आपण जातो तेव्हा मुमताज महलची आठवण काढतो. त्या उद्यानात हातावर बहिरी ससाणा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची काढीत नाही. तो मनुष्य निरक्षर असेल, पण कोणता पक्षी हिवाळ्यात येतो आणि कोणता बारमाही आहे हे त्याला तोंडपाठ असल्याशिवाय त्याचा चरितार्थ चालला नसता. आईन-इ-अकबरीत शिकारी पक्ष्यांच्या किमती जातवार दिलेल्या आहेत. लोक हौसेपोटी वाटेल तेवढे पैसे मोजतात म्हणून बादशहाने दर बांधून दिले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या दप्तरात बहिरीला स्वतंत्र ओळ होती. आपल्या वसंत अंकात सगळ्यांना मिळून 'पाखरे' हा एकच शब्द आहे.

आणि आपली स्वतःची परंपरा? गरुडाला आपण देवळात हात जोडून उभा करतो, जटायूच्या कथेने डोळे पुसतो, घारीच्या मातृत्वाची उपमा संतवाङ्मयातून कीर्तनात ऐकतो. पूजेच्या बाबतीत आपण कमी नाही. पण धारच्या मराठी संस्थानाने १९२७ च्या सुमारास बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या पहिल्या उपक्रमाला हात दिला, ही गोष्ट आपल्या मंडळात कोणी सांगितल्याचे आठवत नाही. धारच्या पवारांवर आपल्याकडे दोन व्याख्याने झाली. दोन्हींत तलवारी होत्या, बदके नव्हती. मारुती चितमपल्ली हे तर सरकारी नोकरच. जंगलातली नोकरी करीत त्यांनी पक्ष्यांची लोकभाषेतील नावे गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा आपण शोकसभा घेतली, उत्तम भाषणे झाली. त्या भाषणांत माळढोक आला, हंस आला. सभेनंतर दाराशी चहा घेताना वर तारेवर कापशी घार बसली होती. आम्ही शेजारच्या वक्त्यांना ती दाखवली. ते म्हणाले, कबूतर आहे.

आपली घराणी दक्षिणेतून येथे आली आणि राहिली. हे पक्षी उत्तरेतून येतात आणि परत जातात. आपल्या येण्याचा हिशेब आपण किती काटेकोर ठेवला आहे! सनदा, इनामपत्रे, वंशावळी, कोणत्या शके कोण पुण्याहून निघाला, वाटेत कोठे मुक्काम केला, बरोबर किती घोडी होती. या घरांत कागद जपण्याची सवय आहे. म्हणूनच हा ठराव आम्ही तरुणांच्या एखाद्या गिर्यारोहण संघापुढे न मांडता येथे मांडला होता. फोटो काढणारी मुले दुर्मीळ पक्षी दिसला की येतात आणि चित्र मिळाले की जातात. त्यांचे ते वय आहे. चार तास बसून काहीच न दिसणे आणि ते 'काहीच नाही' तारखेसह लिहिणे, यासाठी निवृत्त माणसे हवीत.

ठराव फेटाळला गेल्यानंतर आम्ही तिघे तरीही गडावर गेलो. एकाचा गुडघा दुखरा, दुसऱ्याला ऐकू कमी येते, आमची दृष्टी दुर्बिणीशिवाय शंभर पावलांपलीकडे जात नाही. पहिल्या सकाळी गडावरच्या नेहमीच्या घारींशिवाय एकही पक्षी गेला नाही. साडेअकराला वही मिटताना वाद झाला. एक स्नेही म्हणाले, आजचा दिवस धरू नका, आज ढग होते. आम्ही म्हणालो, ढग होते हे लिहा, वारा पश्चिमेचा होता हे लिहा, आणि पुढे शून्य लिहा. त्यांनी लिहिले, पण शून्य जरा लहान काढले. तिसऱ्या खेपेस एक भोवत्या नर आला, फिकट राखाडी, पंखांची टोके काळी. खिंडीवर दोन गिरक्या घेतल्या आणि खंडव्याच्या दिशेने निघून गेला. कोणता भोवत्या यावर तिघांचे एकमत झाले नाही. म्हणून वहीत 'भोवत्या, नर, जात अनिश्चित, १' अशी नोंद आहे. तो दिवस आम्हांला फार बरा गेला.

पुढील वर्षासाठी आम्ही मंडळाकडे ठराव मागत नाही. दोनशे पानांची पक्की बांधलेली वही घेतली आहे. तारीख, वेळ कोठपासून कोठपर्यंत, ढग, वारा, जात, संख्या, दिशा, मोजणाऱ्याची सही, असे रकाने शिसपेन्सिलीने आखले आहेत. न ओळखलेल्यांसाठी निराळा रकाना आहे आणि तो मोठा ठेवला आहे. रंगपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता शनवाऱ्यावरून गाडी निघेल. गाडीत आमच्या तिघांखेरीज दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी गडाच्या निम्म्या वाटेवर, जेथून खिंड दिसते, तेथे खुर्ची ठेवण्याची व्यवस्था करता येईल. मंडळातील ज्या वृद्ध सभासदांनी राजघाटावरचे भरलेले आभाळ पाहिले आहे, त्यांनी यावे अशी आमची विशेष विनंती आहे. येताना टोपी व पाणी आणावे. डबा आमच्याकडे राहील.